हसलेले अनारसे आणि तक्रार अधिकारी

सासूला विचारल्याशिवाय सुनेनं डब्याचं झाकणही काढू नये, अशा मताच्या सत्यभामाबाई. आणि नूतननं तर त्यांचा व्हिडिओच काढला, तोही नेमका कढईत अनारसे हसले तेव्हा. हसले म्हणजे तुपात पडताच फुटून त्यांचा चुरा झाला. हिंदी मुलखातल्या त्यांच्या वसाहतीत, सेक्टर सहामधल्या निम्म्या मराठी सुनांना अनारसे शिकवलेल्या बाईचे अनारसे!

"कावून टाकला तू तो मोबाइलवर?"

"आई, नुसते हात दिसून राहिले. अन् मी पुसून टाकला ना तो."

पुसेपर्यंत रायपूरच्या कुण्या पोरीनं तो उचलून आपल्या नावानं लावला होता. मग मुलगा नरेश मध्ये पडला. इंटरनेटसाठी देशाचा कायदा आहे, कंपनीला तक्रार ऐकणारा अधिकारी ठेवावाच लागतो, म्हणाला. दिल्लीला उशिरा का होईना अक्कल आली, असं म्हणत बाईंनी तक्रार लिहवून घेतली.

उत्तर आलं. ते हात आपलेच आहेत, असं अधिकाऱ्याला लिहून हवं होतं.

बाई चपापल्या. "म्हणजे अनारसे माह्याच हातानं बिघडले, यावर मी सही करू? अन् तो कागद सिविक सेंटरच्या बाजारात फिरला तं?"

तक्रार मागे घेतली गेली. वर महिला मंडळात जाऊन बाई देवाशपथ सांगून आल्या, की ते हात आपले नव्हेतच. आपल्यासमोर हसायची अनारशाची बिशाद नाही.

इकडे हिंदीवाल्या शेजारणींना तो चुरा भलताच आवडला. 'जालीवाली मिठाई' म्हणून व्हिडिओ घरोघर पोचला, जो तो कृती विचारू लागला. तेव्हा मंडळातल्याच मनकर्णाबाईंनी, ज्यांची चकली फोडायला बत्ता लागतो त्यांनी, लाजत कबूल केलं की हात त्यांचे. मंडळानं सत्कार ठरवला. शाल-नारळ द्यायला वडीलधाऱ्या म्हणून बोलावलं सत्यभामाबाईंना.

शाल देऊन त्या घरी आल्या आणि चपला न काढताच नरेशला म्हणाल्या, पुन्हा लिही, हात माझेच आहेत.

नरेश म्हणाला, "आई, तू शपथ घेतली तेव्हा अख्खं मंडळ हजर होतं."

बाईंनी चपला काढल्या. मग नूतनकडे वळल्या.

"न विचारता व्हिडिओ काढला, ते मी तुले माफ केलं. पण माह्या तोंडावर कॅमेरा नाही फिरवला, हे माफ नाही करत."