जानू तांडेलला थांबवण्याची माझी मोहीम

निघालेल्या माणसाला गोड बोलून परत बसवायची कला मला उपजतच आहे, असं १९६७ सालच्या मार्चपर्यंत माझं ठाम मत होतं! राजीनामा खिशात घालून निघालेले दोन कारकून मी नुसत्या कटिंग चहावर परत खुर्चीत बसवले होते. त्यामुळे जानू तांडेल मुंबईला चालला ही बातमी आली आणि सगळं स्टोअर हबकलं, तेव्हा मी एकटाच शांत होतो.

"जानूचं माझ्यावर सोडा!" मी म्हणालो.

तारापूरला तेव्हा वीजघराचं बांधकाम चाललं होतं. मी, भगवंत, परभणीकडून तिथं स्टोअर-कारकून म्हणून आलेलो. स्टोअरच्या मागच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर परदेशी इंजिनिअरांनी दोन खांब रोवून कड्या लावल्या आणि वर्षभरात आम्हीही बास्केटबॉल खेळायला लागलो. म्हणजे बाकीचे खेळायला लागले, मी ओरडायला लागलो. संघाचा सेक्रेटरी मीच!

आणि जानू म्हणजे आमचा संघ! बाकीचे चार गडी नियमाला लागतात म्हणून. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातला पोरगा, उंची सहा फूट तीन इंच. लहानपणापासून जाळं फेकलेला हात. त्यानं चेंडू सोडला की तो कडीला न शिवता असा आत उतरायचा, जसा जावई सासुरवाडीत शिरतो!

अशा जानूला मुंबईच्या एका गिरणीच्या संघानं नोकरीचं पत्र पाठवलं. सोमवारी हजर व्हा! आणि पंधरा दिवसांवर आमची पालघरशी मॅच. पालघरनं आम्हाला सलग दोन वर्षं धुतलं होतं. यंदा जानू ऐन भरात होता.

माझ्या मनाचे दोन तुकडे झाले. एक म्हणे, पोराचं नशीब उघडलं, जाऊ दे. दुसरा म्हणे, गद्दार! जाताना याचा पाय मुरगळो! मग पहिला ओरडे, पाय नको रे, पाय मॅचला लागेल! शेवटी मी ठरवलं, जानूशी बोलायचंच नाही. थेट त्याच्या आईला गाठायचं.

शनिवारी दुपारी मी येसूबाईंच्या अंगणात पोहोचलो. त्या बोंबील वाळत घालत होत्या. शेजारी त्यांचा दीर एकनाथ जाळं विणत बसला होता.

"मावशी," मी खालच्या आवाजात म्हणालो, "जानूला जाऊ देऊ नका. आमच्या इज्जतीचा प्रश्न आहे!"

येसूबाईंच्या हातातला बोंबील खाली पडला.

"इज्जतीचा? काय केलान त्यानं?"

"काय केलं? दोन वर्षं आम्ही त्याच्यावर विश्वास टाकला आणि आता ऐन वेळी पळून चाललाय!" मला चांगलाच सूर लागला. "माझी मेव्हणी जमुना आलीय ना आमच्याकडे, तिनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही!"

खरं म्हणजे जमुनाचं पोट बिघडलं होतं. पण वक्तृत्वात असं थोडंफार चालतं.

येसूबाईंनी दिराकडे पाहिलं. दिरानं जाळं खाली ठेवलं.

"पोरीचं लगीन झालंय?" येसूबाईंनी विचारलं.

"नाही हो. पण तिचं सोडा! पंधरा दिवस हातात आहेत, मावशी. त्याच्या आत काय ते व्हायला हवं. नंतर जगाला दिसेलच! मला पालघरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही!"

"पंधराच दिस!" येसूबाई मटकन खाली बसल्या.

"तुम्ही फक्त त्याला इथं बांधून ठेवा."

"बांधते!" त्या ताडकन उठल्या. "भाऊ, तुमी बेफिकीर जा. आमी गरीब हाव, पन जबाबदारी टाळणारी मानसं नाय! उद्या सकाळी तुमच्या घरी येतो."

आभार मानायला येणार असतील, असं मला वाटलं. केवढी समजूतदार बाई!

रविवारी सकाळी सालवडला आमच्या दारात सात माणसं उभी. पुढे येसूबाई, मागे एकनाथ, त्यामागे पाच नातेवाईक. एकीच्या हातात नारळ, एकीच्या हातात हिरवं लुगडं आणि एकनाथच्या डोक्यावर पापलेटांनी भरलेली टोपली! माझी बायको सोजरा म्हणजे गळ्यात तुळशीची माळ घातलेली बाई. तिच्यासमोर कांद्याचं नाव काढायचं तरी मी एकादशी टाळतो.

"अहो!" ती किंचाळली. "उंबऱ्यावर मासळी!"

"विहीणबाय, रागावू नका," येसूबाई म्हणाल्या. "जालं ते जालं. जातीबितीचं मागनं बघू. आदी पोरीला भायेर बोलवा. दोगांचं लगीन लावून टाकू, पंधरा दिसांच्या आत!"

"कुणाचं लगीन?" सोजरा.

"आमच्या जानूचं! तुमच्या जमुनाशी!"

जमुना आतून लाटणं घेऊनच आली. "कोण जानू?"

"बास्केटबॉलचा," मी पुटपुटलो.

"तो लांबुळका? त्याचं तोंड मी अजून बघितलं नाही! माझी मान तितकी वर वळत नाही!"

मग येसूबाई सावकाश माझ्याकडे वळल्या. सोजरा वळली. जमुना वळली, तिचं लाटणंही वळलं. एकनाथची टोपलीही वळली आणि त्यातलं एक पापलेट थेट आमच्या तुळशीपुढे पडलं!

"मंग भाऊ, इज्जत कुनाची?" येसूबाईंनी विचारलं.

"संघाची," मी म्हणालो.

त्यानंतर पाच मिनिटं मला तीन स्त्रियांनी दोन बोलींत जे ऐकवलं, ते मी इथं लिहीत नाही. एवढ्यात आमचा कप्तान पंढरी सायकलवरून धापा टाकत आला.

"भगवंतराव! जानू ट्रंक घेऊन स्टेशनावर बसलाय! आजच निघाला!"

आम्ही सगळेच बोईसर स्टेशनाकडे धावलो. पुढे येसूबाई, मागे मी. टोपली ठेवायचं कुणाला सुचलं नाही, त्यामुळे सगळ्यांच्या मागे पापलेटं.

जानू फलाटावर ट्रंकेवर बसला होता. बसूनही उभ्या पंढरीएवढा.

"अरे, तुला सोमवारी हजर व्हायचं ना?" मी ओरडलो. "एक दिवस आधीच?"

"हजर कसला, भाऊ! मी जानारच नव्हतो!" त्यानं खिशातून पाकीट काढलं. "ही बघा गिरणीवाल्यांना लिवलेली चिठ्ठी. 'येऊ शकत नाय, क्षमस्व.' आज टपालात टाकनार होतो. आयेच्या हातचं कालवण सोडून कुटं जाऊ? पन रातच्याला आये बोलली, तुजं लगीन लावते. कोन पोरगी, काय भानगड, कायच सांगेना! मी बोललो, त्यापरीस मुंबय बरी!"

मी ती चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, पण माझ्या उभ्या आयुष्यात मला इतका सुंदर मजकूर दिसला नव्हता.

"मग टाक की टपालात!" मी म्हणालो. "गैरसमज मिटला! लग्न नाही, काही नाही! चल घरी!"

"कुटं घरी?" येसूबाईंनी मला बाजूला सारलं. "काल सांजच्याला सगल्या कोळीवाड्याला सांगून बसलेय मी! बायका दारात येऊन बसल्यान. आता चार-सा म्हैने याला कुनी बघायला नको. जा बाबा, जानू. जा तू मुंबयला!" आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात पॅसेंजर आली. जानूनं आईच्या पायावर डोकं ठेवलं, मग माझ्याही पायांना हात लावला. "भाऊ, तुमच्यामुलंच चाललो हां!" त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. तेच जास्त लागलं.

गाडी हलली आणि मला काय झालं कोण जाणे, मी डब्याबरोबर धावायला लागलो.

"तिथं एकही मॅच जिंकू नकोस, गद्दारा!" मी ओरडलो. आणखी दहा पावलं धावलो. "नाही, नाही! जिंक रे! सगळ्यांना धू! आणि उडी मारताना डावा गुडघा सांभाळ!"

फलाट संपला म्हणून थांबलो. मागे वळून बघतो तर पंढरी डोळे पुसत होता आणि एकनाथ स्टेशन मास्तरला पापलेटं देत होता.

पालघरनं आम्हाला बावन्न विरुद्ध अकरा असं हरवलं. अकरातले दोन गुण त्यांच्याच गड्यानं चुकून आमच्या बाजूनं केले. त्याच दिवशी मी जाहीर केलं, की जानूचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. फक्त मुंबईचा पेपर आला की शेवटचं पान आधी मी वाचायचो, एवढंच.

जूनमध्ये बारीक अक्षरांत बातमी दिसली. जानूची गिरणी एका गुणानं हरली! मी टेबलावर थाप मारली. "बघा! आम्हाला सोडून गेला, भोग म्हणावं आता!" पंढरीला मी माझ्या खर्चानं भजी खाऊ घातली. आणि दुपारी, स्टोअरमध्ये कुणी नाही असं बघून, जानूला चार पानी पत्र लिहिलं. लेका, मनाला लावून घेऊ नकोस. चूक तुझी नव्हती. पंच आंधळा असणार आणि बहुतेक विकला गेलेला. असल्या गाढवाच्या हातात शिट्टी दिली कुणी?

आठ दिवसांनी त्याचं पोस्टकार्ड आलं.

"भाऊस नमस्कार. त्या मॅचला मी खेळलोच नव्हतो, ताप होता. पण तुमचं पत्र फार आवडलं. रात्री खोलीवर सगळ्या संघाला मोठ्यानं वाचून दाखवलं. पंच आमच्याच खोलीत राहतात. त्यांनी तुमचा पत्ता मागून घेतलाय."