आप्पांनी 'नाही' दाबलं

वैजनाथनं तिसऱ्यांदा पासवर्ड टाकला आणि लॅपटॉपवर तिसऱ्यांदा तेच आलं, परवानगी नाकारली. टेबलाखाली त्याचा पाय नुसता नाचत होता. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

तेर गावात घरी बसून तो पुण्याच्या एका कंपनीचं काम करायचा. प्रोग्रॅम बांधायला लागणारी सगळी पॅकेजेस कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर असत, सोसायटीच्या गोदामात खताची पोती असतात तशी. लागेल ते उचलायचं. आज कंपनीनं त्या गोदामाला नवं कुलूप घातलं होतं. प्रत्येकानं नव्यानं लॉगइन करायचं, मग आपल्या फोनवर 'तुम्हीच लॉगइन करताय का?' असं विचारलं जाणार, तिथं 'होय' दाबायचं, की नवी किल्ली हातात. जुनी किल्ली संध्याकाळी बंद होणार होती, आणि नवा प्रोग्रॅम गिऱ्हाइकाला आजच द्यायचा होता.

काम चिमूटभर. फक्त फोन घरात नव्हता. फोन वडलांच्या, म्हणजे आप्पांच्या खिशात आणि आप्पा नदीपलीकडच्या रानात.

ही सगळी करणी वैजनाथचीच. विहिरीवरच्या मोटारीला त्यानं फोनवरून चालू होणारा स्टार्टर बसवला, आणि भलत्याच कुणी मोटार लावू नये म्हणून त्यात एकट्या स्वतःचाच नंबर घातला. मी घरबसल्या मोटार लावत जाईन, तुम्ही निवांत राहा, असं म्हणाला. पण रानातली लाईट यायची नेमकी ह्याच्या मीटिंगच्या वेळी. पिकानं माना टाकल्या तसा आप्पांनी बोलायचा नाद सोडला आणि दिवसपाळीची लाईट असली की सरळ फोनच उचलून न्यायला लागले. त्यांना सोपं जावं म्हणून वैजनाथनं फोन मराठीत केला, त्यांचा अंगठाही त्यात घालून दिला. त्या अंगठ्यानं आणखी काय काय उघडतं, हा विचार काही एवढ्या शिकलेल्या माणसाच्या डोक्यात आला नाही.

लॅपटॉपवर अर्पिता मॅडमचा कॉल आला. ह्या त्याच्या मॅनेजर.

"वैजनाथ, तुझ्या फोनवरून तीन वेळा 'नाही' आलंय. तुझं खातं बंद पडलं. चाललंय काय?"

"मॅडम, फोन वडलांकडं आहे. जरा गैरसमज..."

"हे बघ, मी एकदाच उघडून देते. वडिलांचा गुडघा दुखतो म्हणून तुला गावी राहू दिलं. मागच्या महिन्यात लाईट गेली, मग केबल तुटली. आज अडलं तर एक तारखेपासून पुण्यात. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

वैजनाथला पुण्यातली ती खोली आणि एकट्यानं खाल्लेला तो गार डबा आठवला. त्याला जायचं नव्हतं, अजिबात जायचं नव्हतं. तो उठून ओसरीवर धावला. कमलबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या.

"आई, तुझा फोन दे."

कमलबाईंनी कमरेचा बटणांचा फोन काढून दिला. पलीकडून आप्पा ओरडले, कारण मोटार चालू होती.

"आप्पा, मी वैजू. फोनवर काही विचारलं होतं का?"

"व्हय. तीनदा इचारलं, तीनदा न्हाय म्हणून दाबलं. परवा पारावर पोलीस साहेबांनी सांगितलंय, अनोळखी काय बी आलं तर व्हय म्हणायचं न्हाय."

"ते मीच करत होतो. आता परत येईल, तेव्हा 'होय' दाबा."

पलीकडून उलटाच प्रश्न आला.

"तू वैजूच कशावरून?"

"आप्पा, आवाज ओळखू येईना का?"

"आवाज येतोय. पर साहेब म्हणले, आजकाल आवाज बी बनवून घेत्यात. पोराच्या आवाजात बापाला लुटत्यात."

कमलबाईंनी फोन ओढून घेतला. "अवो, पोरगंच हाय. म्या हाय न्हवं हितं."

"तू तरी खरी कशावरून?" आप्पा म्हणाले. "दे त्याच्याकडं. साहेबांनी सांगितलंय, घरातलंच काय तरी इचारायचं. बोल, आपल्या म्हशीचं नाव काय?"

वैजनाथ हसला. एवढंच ना. "गौरी."

"गौरी इकून पाडवा उलटला."

वैजनाथनं आईकडं पाहिलं. कमलबाई तोंडावर पदर धरून पुटपुटल्या, "चंद्री."

"मागून कोण सांगायलंय?" आप्पा कडाडले. "ही टोळीच हाय. बरं, नदीकडच्या रानात आता काय हाय?"

"सोयाबीन."

"सोयाबीन निघून, इकून, पैशाचं खत बी आलं. हरभरा हाय आता. शेवटचं इचारतो. माझं गुडघं दुखतंय, कोणतं?"

हे मात्र वैजनाथला यायलाच हवं होतं. ह्या गुडघ्यावर तर त्याची नोकरी गावात टिकून होती. अर्जात त्यानं लिहिलं होतं, फोनवर सांगितलं होतं, मॅडमना दोनदा कळवळून सांगितलं होतं. त्यानं डोळे मिटले, आप्पा चालताना कसे दिसतात ते आठवून पाहिलं. दिसले ते लॅपटॉपच्या कडेवरून, पाठमोरे, दाराबाहेर जाताना.

"डावं," तो म्हणाला.

"लुच्च्या," आप्पा म्हणाले, आणि फोन कट झाला. परत लावला तर नंबर लागेचना. आप्पांनी बायकोचाच नंबर ब्लॉक केला होता. साहेबांनी तेही शिकवलं होतं म्हणे.

कमलबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं.

गाडी आप्पांनीच नेली होती. लॅपटॉप पाठीला लावून तो पायीच निघाला, मग चालणं पळण्यावर आलं. वेशीपाशी शेजारचे ज्ञानोबा भेटले. "वैजनाथराव, इकडं कुठं वाट चुकलात?" म्हणाले. थांबायला वेळ नव्हता. नदी ओलांडली, चप्पल चिखलात रुतली, ती हातात घेतली. आपल्या रानाचा बांध कोणता, हे मात्र एका बाईला विचारावं लागलं. ती बघतच राहिली.

आप्पा हरभऱ्यात स्प्रिंकलरचे पाईप हलवत होते. पाईप खांद्यावर घ्यायचा, चार पावलं जायचं, थांबायचं, उजव्या गुडघ्यावर हात दाबायचा. मग पुन्हा पाईप. वैजनाथ बांधावर उभा राहून बघत राहिला. एवढी घाई होती, तरी बघत राहिला. मग खाली उतरून त्यानं पाईपचं दुसरं टोक उचललं.

"आलास व्हय? बरं झालं," आप्पा म्हणाले. "तुझ्या नावानं एक भामटा फोन करत होता. आवाज सही न् सही तुझा. पर ठार अडाणी. म्हशीचं नाव ठाऊक न्हाय, रानात काय हाय ठाऊक न्हाय. आपल्या घराचं त्याला कायबी ठाऊक न्हाय, बघ."

वैजनाथनं पाईपचं टोक खांद्यावर घेतलं. "भामटाच असंल, आप्पा," तो म्हणाला.

बांधावर बसून त्यानं लॅपटॉप उघडला, फोनचं इंटरनेट जोडलं. फोन आप्पांनी हातातून सोडला नाही. प्रश्न आला.

"व्हय दाबू?"

"दाबा."

"इचार करून सांग."

"दाबा, आप्पा, पाया पडतो."

आप्पांनी दाबलं. किल्ली मिळाली, पॅकेजेस उतरली, उन्हं कलायच्या आत प्रोग्रॅम गिऱ्हाइकाकडं गेला. मॅडमचा फोन आला तो आनंदाचाच. काम झालं, गावात राहा म्हणाल्या. मग माणुसकीनं विचारलं, "आणि वडिलांचा गुडघा कसा आहे?"

"उजवा आहे," वैजनाथ म्हणाला.

संध्याकाळी ओसरीवर आप्पांनी भामट्याची कथा चार जणांना रंगवून सांगितली. ज्ञानोबांनी त्या भामट्याला दोन शिव्या हासडल्या. वैजनाथ कोपऱ्यात खाली मान घालून लॅपटॉप उघडत होता.

कमलबाई आतून पेंडीची पाटी घेऊन आल्या. ती त्यांनी लॅपटॉपवरच ठेवली.

"तुझ्या वळखीचा असंल तर सांग त्या भामट्याला," त्या हळूच म्हणाल्या, "चंद्री कवाची रेकायली."