चालू करून पाहिलेलं नाही

वस्तूचं मोल तिच्या उपयोगात असतं, असा एक भाबडा समज समाजात अजून रुजलेला आहे. वास्तविक उपयोग हा मोलाचा शत्रू. उपयोगी वस्तू वापरली जाते, वापरली की झिजते आणि झिजली की भंगारात जाते. उलट जी कोणाच्याच कामाची उरत नाही, तिला कोणी हात लावत नाही. ती टिकते, दुर्मिळ होते आणि यथावकाश ऑनलाइन लिलावात उतरते. या सिद्धांताला ज्यांनी आयुष्य वाहिलं, त्यांच्यात माझ्या साडूंचं स्थान फार वरचं आहे.

साडू जुनी वर्कस्टेशन जमवतात. पुलांचे नाहीतर विमानाच्या पंखांचे आराखडे काढायला मोठ्या कंपन्या एकेकाळी जो अवाढव्य संगणक घेत, तो म्हणजे वर्कस्टेशन. त्या काळी त्याला स्वतंत्र खोली, स्वतंत्र एसी आणि स्वतंत्र साहेब मिळायचा. आज त्याच्या कितीतरी पट काम माझ्या बायकोचा फोन करतो (तरी त्याला कोणी मान देत नाही, कारण तो चालतो). साडूंकडे अशी दहा-अकरा धुडं आहेत. ती लेकीच्या खोलीत राहतात. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असल्यामुळे ही गोष्ट बरीच वर्षं कोणाला खटकली नाही. लेकीला खटकली होती, पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

मग लेकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. पुढे दोन महिने सक्त विश्रांती, स्वतंत्र खोली, लागूनच बाथरूम, आणि रोजचा व्यायाम नीट झाला नाही तर गुडघा कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं. बाथरूम लागून असलेली खोली घरात एकच होती आणि तिच्यात वर्कस्टेशन विश्रांती घेत होती.

"अहो, पोर येतेय," मेहुणी म्हणाली. "तिचा पलंग लावायचाय. ते डबे हलवा तेवढे."

"डबे म्हणू नकोस," साडू म्हणाले. "विकायलाच काढतो सगळे. मग तर झालं?"

साडूंचा लेकीवर जीव आहे, हे मी कोणाच्याही समोर सांगेन. त्यांनी त्याच दिवशी कामाला हात घातला. आधी एकच यंत्र लिलावात लावायचं, कपाटाएवढं ते निळं; एकदा त्याचा भाव फुटला की बाकीची हातोहात जातील, अशी त्यांची योजना होती. योजनेत खोट काढायला जागा नव्हती. तशी ती खोलीतही नव्हती.

आता भाव कसा ठरतो ते सांगणं क्रमप्राप्त आहे. भाव वर्णनावर ठरतो आणि वर्णनाची एक प्रमाणभाषा आहे. 'दुर्मिळ' म्हणजे आजच्या यादीत याच्यासारखी आणखी तीनच आहेत. 'वापराच्या किरकोळ खुणा' म्हणजे जिन्यावरून पडलं होतं. 'फक्त जाणकारांसाठी' म्हणजे नंतर तक्रार चालणार नाही. 'जड मनाने विकत आहे' म्हणजे बायको दारात उभी आहे. आणि या भाषेतला मुकुटमणी म्हणजे 'चालू करून पाहिलेलं नाही'.

मेहुणीला हे माहीत नसल्यामुळे ती म्हणाली, "मग पाहा की चालू करून. बटण तर दिसतंय."

साडूंचा चेहरा पडला. यंत्र चालत असेल तर उत्तम भाव येतो आणि चालत नसेल तर भंगाराचा. पण चालू करूनच पाहिलं नसेल, तर जवळजवळ उत्तमच येतो, कारण आपला हात लागताच ते सुरू होणार आहे, अशी प्रत्येक घेणाऱ्याची मनोमन खात्री असते. म्हणून तोही ते चालू करत नाही. तोही पुढे विकतो. साडूंचं निळं यंत्र आजवर पाच-सहा संग्राहकांकडे नांदून आलं आहे आणि एकाच्याही घरात त्याची पिन भिंतीला लागलेली नाही. या क्षेत्रातली नव्वद टक्के उलाढाल अशाच सभ्यतेवर चालते. एका गृहस्थाने मोह न आवरून बटण दाबलं. आतून धूर आला. त्या दिवसापासून त्याला लोक यंत्राचा खुनी म्हणून ओळखतात.

पुढचे काही दिवस साडू यंत्राचे फोटो काढत होते. आधी त्यांनी टूथब्रशने त्याच्या फटी साफ केल्या, मग खिडकीतला उजेड सरळ येण्याची वाट पाहिली. (लेकीच्या शाळेतल्या नाटकाचे फोटो त्यांनीच काढले होते. प्रत्येकात त्यांचा अंगठा आला आहे.)

लेक शुक्रवारी कुबड्या घेऊन आली. लिलाव रविवारी दुपारी संपणार होता. बोली चालू असताना वस्तू हलवायची नाही, असा साडूंचा दंडक होता, कारण हलवताना एखादा ओरखडा पडला तर फोटो खोटे ठरतील आणि घेणाऱ्याची फसवणूक होईल. अशा सचोटीपुढे कोण काय बोलणार? लेकीला बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपवण्यात आलं. तिथून बाथरूम घराच्या दुसऱ्या टोकाला होतं.

"काका, तुम्ही तरी सांगा ना बाबांना," ती मला म्हणाली. "जाऊन येईपर्यंत जीव जातो माझा. व्यायामाला आडवं व्हायलासुद्धा जागा नाही."

मी सांगितलं. साडू कळवळले. "रविवारपर्यंत सोस म्हणावं," ते म्हणाले. "तिच्यासाठीच चाललंय हे."

रविवारी ते लॅपटॉप घेऊन सोफ्याच्या कडेवर, लेकीच्या पायाशी बसले. या लिलावांत आठवडाभर कोणी तोंड उघडत नाही आणि अखेरच्या मिनिटात सगळे तुटून पडतात. ते मिनिट यायला थोडा अवकाश होता आणि बोली अगदीच किरकोळ होती. साडूंनी उगाच आपलेच फोटो उघडून पाहिले. आपलं यंत्र त्यांनी आजवर मालक म्हणून पाहिलं होतं, गिऱ्हाईक म्हणून पहिल्यांदाच पाहिलं. काय तो निळा रंग, काय त्या फटी.

आपल्याच वस्तूवर बोली लावणं नियमात बसत नाही. साडू नियम मोडत नाहीत. त्यांनी अडीअडचणीसाठी माझ्या नावाने एक खातं उघडून ठेवलं होतं, त्यातून बोली लावली. केवळ भावाची लाज राखायला म्हणून. समोरून कोणीतरी वर गेला. तो साडूंचा जुना प्रतिस्पर्धी निघाला, जो यंत्रं म्हणे गॅरेजमध्ये ठेवतो. तिथे हे निळं देखणेपण धूळ खात पडणार, ही कल्पना साडूंना सोसवेना. ते वर गेले. तो वर गेला. साडू आणखी वर गेले आणि वेळ संपली.

"मिळालं," साडू म्हणाले आणि त्यांनी लेकीचा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

लेकीला वाटलं, खोली मिळाली. तिचेही आले.

यानंतरचे सोपस्कार रीतसर पार पडले. कमिशन साडूंनी भरलं. खरेदीदार म्हणून माझ्या नावाने 'विक्रेते सज्जन, वर्णनाप्रमाणे वस्तू' असा शेरा दिला आणि विक्रेता म्हणून माझेही आभार मानले. भाव आता अधिकृतपणे फुटला असल्यामुळे बाकीची यंत्रं त्याखाली देणं हा शुद्ध वेडेपणा ठरला असता. त्या भावाला ती कोणी घेईना. मेहुणीने भांडून पाहिलं, रडून पाहिलं. मी पलंग आत सरकवायला गेलो, तेव्हा साडू दारात आडवे उभे राहिले. मला त्या दिवशी त्यांचा इतका राग आला की चहा न घेता निघालो.

लेक महिनाभर सोफ्यावर काढून मैत्रिणीकडे गेली. तिचा गुडघा अजून पुरता वाकत नाही. यापुढे वाकेलसं डॉक्टरांना वाटत नाही.

ही हकिकत मी अनेकांना सांगितली आहे. ऐकणारे साडूंना मनसोक्त नावं ठेवतात, लेकीसाठी हळहळतात आणि मग आवाज जरासा खाली आणून विचारतात, "पण शेवटी गेलं केवढ्याला?" तुम्हीही मघापासून तेच विचारायला थांबला आहात. मी सांगणार नाही. आकडा कळला की तुम्ही माळ्यावरचं ते जुनं खोकं खाली काढाल आणि ते ठेवायला घरातलं कोण सध्या बाहेरगावी आहे ते पाहाल.