दोन पाय, दोन विचार

दार्सोनोच्या चपला मुद्दामच विजोड होत्या. डावी हिरवी, उजवी निळी. शुक्रवारच्या नमाजाला ऑफिससमोरच्या मशिदीच्या पायऱ्यांवर चपलांचा नुसता खच पडतो आणि त्यातली धड जोडी हटकून दुसऱ्याच कुणाच्या तरी पायात निघून जाते. विजोड जोडीकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. त्यातून दार्सोनोनं उजवीच्या टाचेत तापल्या खिळ्यानं एक मासा कोरून ठेवला होता, कारण तेगालला, त्याच्या गावी, आईची तळलेल्या माशांची गाडी होती. एवढा बंदोबस्त केल्यावर चपलांच्या बाबतीत तो अगदी निर्धास्त होता.

त्याची काळजी वेगळीच होती. जकार्तातल्या ‘गेसितारा’ या घरपोच जेवण पोचवणाऱ्या कंपनीत तो तक्रार विभागात होता. लोकांच्या सांडलेल्या रश्शाबद्दल दिवसभर फोनवर माफी मागायची, हे त्याचं काम. पण नोकरी कंत्राटी. आणि त्याच्या इपाहचे वडील, हाजी मुख्तार, हटून बसले होते. "कंत्राटी जावई मला नको," ते म्हणाले होते. "कंत्राट संपलं की माझी पोरगीही परत आणून सोडशील, काय भरवसा? आधी कायम हो, मग तारखेचं बघू." वर चपलांवरून टोमणा होताच. "ज्याला एका रंगाच्या दोन चपला जमत नाहीत, तो संसार काय डोंबल करणार!"

कायम करणं न करणं एकाच माणसाच्या हातात होतं. बापाक बास्कोरो. तिकडे साहेबांना नि वडीलधाऱ्यांना ‘बापाक’च म्हणतात. गेसिताराचे मालक, संस्थापक, सर्वेसर्वा. शहरातल्या निम्म्या चौकांत त्यांचा चेहरा फलकांवरून खाली बघत असे, आणि उरलेल्या निम्म्यांत फलक लावायचं काम चालू होतं. बापाक कधी चुकत नसत. एकदा ते बोलता बोलता म्हणून गेले की हातानं जेवलं की डोकं चालतं, तर दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमधले सगळे चमचे गायब. त्या दिवशी नेमकं सूप होतं. हेंद्रो नावाच्या एका बिचाऱ्यानं भर बैठकीत सांगितलं होतं, "बापाक, तो तक्ता उलटा लागलाय." त्याला तिथल्या तिथं बढती मिळाली. आता तो एका बेटावर विभागप्रमुख आहे. तिथं घरं इतकी चिकटून आहेत की शेजारणीच्या हातचं वाटीतून येतं. जेवण मागवायला फोन कोण करणार?

तर त्या शुक्रवारी दार्सोनोच्या डोक्यात एक कल्पना आली. वडीलधाऱ्यांची चप्पल बाहेरच्या दिशेला वळवून ठेवायची, म्हणजे त्यांना निघताना वाकावं लागत नाही, ही रीत त्याच्या अंगवळणी पडलेली. नमाज संपताच तो लगबगीनं बाहेर आला. वरच्याच पायरीवर बापाकांच्या त्या प्रसिद्ध कातडी चपला होत्या. मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेल्या. दार्सोनोनं विचार केला, बापाक येतील, आपल्याला असं सेवेत वाकलेलं बघतील, नाव विचारतील, आणि आपलं काम होऊन जाईल.

आपली स्वतःची जोडी त्यानं आधीच वळवून ठेवली होती. आता त्यानं बापाकांची उचलली आणि रुमालानं तिच्यावरची धूळ पुसायला घेतली. तेवढ्यात बापाक आले. कानाला फोन, नजर आभाळाकडे, तोंडात शिव्या. समोर वळवून ठेवलेल्या ज्या चपला लागल्या त्यांत त्यांनी पाय घातले आणि ते तरातरा निघाले.

"बापाक!" दार्सोनो ओरडला.

बापाकांनी मागं न बघता एक बोट वर केलं. म्हणजे गप्प. दार्सोनोला हेंद्रोचं बेट आठवलं आणि तो गप्प झाला. गाडी निघून गेली. पायरीवर दार्सोनो अनवाणी उभा, आणि हातात देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध चपला.

गाडी गेली ती थेट टीव्हीवर. मुलाखत सुरू झाली आणि मुलाखत घेणारी बाई मध्येच थबकली. "बापाक, तुमच्या पायात... एक हिरवी आणि एक निळी?"

बापाकांनी खाली बघितलं. साऱ्या देशानं त्यांच्याबरोबर खाली बघितलं. चुकून घातल्या, एवढे दोन शब्द म्हटले असते तर विषय तिथंच मिटला असता. पण ते शब्द बापाकांच्या जिभेला कधी वळलेच नव्हते. त्यांनी पायावर पाय टाकला, हिरवी चप्पल कॅमेऱ्याच्या तोंडापर्यंत नेली आणि म्हणाले, "दोन पाय, दोन विचार. ज्याचे दोन्ही पाय सारखाच विचार करतात, तो जागचा हलत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आणि उडी मारणाऱ्याचं काय रे?" ऑफिसात टीव्हीसमोर बसलेल्या तोगारनं विचारलं. तोगार शेजारच्या टेबलावरचा. उत्तरेकडचा बाताक गडी, हळू बोलणं त्याला ठाऊकच नाही. "आणि दार्सोनो, तू अनवाणी का? आणि त्या पिशवीत काय आहे?"

"मासे," दार्सोनो म्हणाला.

सोमवारी दार्सोनो काळे बूट चकाचक पॉलिश करून आला. त्या दिवशी इबू लेस्तियानींकडे त्याची कायम होण्यासाठीची मुलाखत होती. लेस्तियानीबाई म्हणजे मनुष्यबळ खात्याच्या प्रमुख. बापाकांच्या तोंडून शिंक जरी निघाली तरी तिचं धोरण करणाऱ्या. पण दार्सोनोला फाटकावरच नव्या गार्डनं, सार्मिननं, अडवलं.

"बूट सारखे आहेत," सार्मिन म्हणाला.

"मग? बूट सारखेच असतात की!"

"आजपासून नाही. जोडी जुळलेल्या माणसाला आत सोडायचं नाही. इबूंचा हुकूम आहे. कुणालाही सूट नाही." सार्मिननं आवाज खाली आणला. "आधीच्या गार्डचं काय झालं माहिताय ना तुम्हाला? बापाक कार्ड विसरून आले, त्यानं ओळखलं, सलाम ठोकला, आत सोडलं. त्याच दिवशी घरी. ‘नियम म्हणजे नियम, मलासुद्धा’ म्हणाले. मला दोन पोरं आहेत, दादा. पाय दाखवा आणि बाजूला व्हा."

आत बघावं तर सगळं ऑफिस विजोड. हिशेबनिसाच्या एका पायात सपाता, दुसऱ्यात फुटबॉलचा बूट. स्वागतकक्षातली मुलगी एका उंच टाचेवर लंगडत चाललेली. मागून तोगार आला, तोही रबरी चपलांची धड जोडी घालून.

"काढ डावी," सगळं ऐकून तोगार म्हणाला. "नाही, थांब, उजवी. तुझा उजवा बूट मला, माझी उजवी चप्पल तुला. संध्याकाळी परत. आणि हे बघ, आपण दोघं आता एका जोडीची माणसं. एकटा घरी पळालास तर तंगडं मोडीन."

इबू लेस्तियानींनी मुलाखतीत त्याचं काम विचारलंच नाही. त्या बराच वेळ त्याच्या पायांकडे बघत राहिल्या. "डाव्या पायात काळा बूट, उजव्यात रबर. निवड छान आहे. यामागचा विचार?"

"डावा पाय... ऑफिसचा," दार्सोनो घाम पुसत म्हणाला. "उजवा... घरचा."

"वा!" इबूंनी लिहून घेतलं. मग त्याला खांद्याला धरून बाहेर नेलं. स्वागतकक्षात काचेची पेटी, आत मखमल, मखमलीवर त्याच्या चपला. "मूळ जोडी. आणि हे बघा, टाचेवर बापाकांनी स्वतः कोरलेलं रॉकेट."

"मासा वाटतो, इबू," दार्सोनोच्या तोंडून निसटलं.

"कुठल्या बेटावर जायचंय का तुम्हाला?"

"रॉकेटच आहे, इबू. शेपूट पेटलंय ना, म्हणून चुकलो."

"मग ठीक. तुमचा कागद शुक्रवारी सहीला जाईल. सही बापाकांची." आणि जाता जाता त्या म्हणाल्या, "शिवाय त्याच दिवशी फिल्मही दाखवायचीय. फाटकावरच्या कॅमेऱ्यात मशिदीच्या पायऱ्या दिसतात. बापाकांना तो विचार सुचला, तो क्षण आख्ख्या कंपनीला बघायला मिळणार!"

दार्सोनोच्या तोंडचं पाणीच पळालं. त्या क्षणात पायरीवर वाकलेला कोण दिसणार, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं! बापाकांच्या चपला हातात घेऊन उभा असलेला तक्रार विभागातला कंत्राटी माणूस. चोर म्हणून हाकलला की हाजी मुख्तार दारातही उभं करणार नाहीत. आणि गंमत म्हणजे त्याच संध्याकाळी हाजींचाच फोन. "अरे, तुझा साहेब तुझ्यासारख्याच चपला घालतो! मी उगीच नावं ठेवली. कायम कधी होतोयस?"

"शुक्रवारी कळेल, बापाक," दार्सोनो म्हणाला.

शुक्रवारी नमाज झाला, गर्दी पांगली. दार्सोनो खांबाआड पिशवी छातीशी धरून बसला होता. चपला गुपचूप पायरीवर ठेवायच्या आणि पळायचं, असा त्याचा बेत. पण पायरीवर आधीच कुणीतरी बसलं होतं. बापाक बास्कोरो, देशाचे लाडके, एक पाय मांडीवर घेऊन अंगठ्यावरच्या फोडावर फुंकर घालत होते. शेजारी एक पिवळी चप्पल, एक जांभळी.

"कोण आहे?" बापाक दचकले.

"दार्सोनो, बापाक. तक्रार विभाग."

"मग माझी तक्रार घे." बापाकांनी इकडं तिकडं बघितलं आणि आवाज एकदम घरगुती झाला. "पिवळी चावते. जांभळी सुटते. आणि माझ्या कातडी चपला कुठं गेल्या, अल्ला जाणे. सासूबाईंनी गारुतहून खास करवून दिल्या होत्या. रविवारी त्या जेवायला येताहेत. बायको रोज विचारते, कुठायत? मी म्हणतो, दोन पाय, दोन विचार. ती म्हणते, हे आईला सांगून बघा. अरे, मी देशाला वेड्यात काढू शकतो, सासूबाईंना नाही!"

दार्सोनोला कधी नव्हे इतकी त्यांची कीव आली. सासुरवाडीची धास्ती त्याला नवी नव्हती. त्यानं पिशवी उघडली आणि चपला पायरीवर ठेवल्या. बाहेरच्या दिशेला वळवून.

बापाकांनी त्याला विचारलंसुद्धा नाही, तुझ्याकडे कशा. त्यांनी पाय आत सरकवले, डोळे मिटले आणि पिवळी-जांभळी उचलून समोरच्या नाल्यात भिरकावली. "माग! काय हवंय ते माग!"

"कायम करा, बापाक."

"झालास समज! चल, आत्ताच सही करतो." आणि दोघं रस्ता ओलांडून फाटकाशी आले.

"थांबा," सार्मिन म्हणाला. "माफ करा, बापाक. दोन्ही सारख्या आहेत."

"मी कोण आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे म्हणूनच भीती वाटते. आधीच्यानंही ओळखलं होतं."

जेवून परतणारी मंडळी भराभर गोळा झाली. फोन वर निघाले. इबू लेस्तियानी पुढं सरसावल्या, वही सरसावून. बापाकांनी मागं नाल्याकडे बघितलं. पिवळी-जांभळी केव्हाच वाहून गेली होती. नियम चुकला म्हणावं, तर तो त्यांचाच. आपण चुकलो म्हणावं, तर ते शब्द अजूनही जिभेला येत नव्हते. त्यांनी दार्सोनोच्या पायांकडे बघितलं. आठवडाभर होता तसाच डाव्यात काळा बूट, उजव्यात तोगारची चप्पल.

"दार्सोनो," ते दातांतल्या दातांत म्हणाले, "डावा पाय."

भर फाटकात दोघांनी अदलाबदल केली. बापाकांच्या डाव्या पायात बूट, उजव्यात सासूबाईंची चप्पल. सासूबाईंची डावी दार्सोनोच्या पायात. मग बापाकांनी छाती फुगवली. "बघा! ही पुढची पायरी! जोडीतली एक नेत्याच्या पायात, दुसरी त्याच्या माणसाच्या. एकटा कुणीच चालू शकत नाही!"

टाळ्या पडल्या. इबूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे त्या कॅमेऱ्यात पायरीवर जो वाकलेला दिसतो," त्या पुटपुटल्या, "तो पहिला साथीदार!"

"अरे, पण त्या बुटाचा उजवा माझ्या पायात आहे!" गर्दीतून तोगार ओरडला. "मी आणि बापाक एका जोडीचे झालो की काय?" सगळ्यांनी त्याच्यासाठीही टाळ्या वाजवल्या.

बापाक दार्सोनोच्या कानाशी आले. "रविवारी संध्याकाळी घरी ये. मागल्या दारानं. डावी घेऊन. जेवणं होईपर्यंत थांब, मग परत घालून जा. सोमवारी पुन्हा फाटकावर भेटू."

"आणि माझं कायम होणं, बापाक?"

"तुला आता सोडतोय कोण!"

दार्सोनो कोपऱ्यात गेला आणि त्यानं फोन लावला. "बापाक, कायम झालो!"

"अल्हमदुलिल्लाह!" पलीकडून हाजी मुख्तार गरजले. मागं इपाहची किंकाळी ऐकू आली. "अगं, थांब जरा. हुद्दा काय मिळाला रे?"

दार्सोनोनं खाली बघितलं. "साहेबांचा डावा पाय."

"पण कायमचा ना?"

"त्यांच्या सासूबाई आहेत तोवर, नक्की."

हाजी मुख्तारांनी खोल विचार केला. मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "बाईंचं वय काय म्हणालास?"