दामू सर आणि उंदरांचं आयुष्य

पेपरात चूक दिसली की आमचे शेजारी दामू सर थेट संपादकाला फोन करून झापायचे. वारूळवाडीत तेव्हा घरोघरी फोन नव्हते. सर हायवेवरच्या एसटीडी बूथमध्ये उभे राहून ओरडायचे. काचेचं दार बंद असलं तरी समोरच्या भजीवाल्याला शब्द न् शब्द कळायचा.

सर हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. रिटायर झाले, पण शिकवणं सुटलं नाही. "शास्त्रात अर्धवट चालत न्हाई!" हे त्यांचं पालुपद टोमॅटोच्या बांधावरसुद्धा ऐकावं लागायचं.

एका सकाळी ते पेपर फडकवतच माझ्या ओट्यावर आले. मथळा होता, 'इन्सुलिन कमी, आयुष्य जास्त'.

"कुणाचं आयुष्य? उंदराचं! कुठलं इन्सुलिन? मेंदूतलं!" सर कडाडले. "उंदरांच्या मेंदूत इन्सुलिनचा निरोप जरा कमी पोचवला, तर ते जास्त जगले. संशोधनात एवढंच व्हतं. माणसाचं काय, ते अजून कुणालाच ठावं न्हाई. आन् ह्यांनी मथळा काय ठोकलाय! घरोघरी लोक इन्सुलिनची सुई टोचून घेत्यात, त्यांनी काय समजायचं?"

"एवढं कोण मनावर घेतंय, सर?" मी म्हणालो.

"हसा तुमी!" म्हणत ते तडक बूथकडे निघाले. दोन दिवस त्यांनी सगळ्या गावाला उंदीर समजावून सांगितला.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी, जनाकाकू, अंगणात कोसळल्या. माझ्या जीपमधून आम्ही त्यांना नारायणगावच्या दवाखान्यात नेलं. साखर भलतीच वाढलेली. कित्येक वर्षं काकू स्वतःच इन्सुलिन टोचून घ्यायच्या. तो मथळा आल्या दिवसापासून त्यांनी सुईला हातच लावला नव्हता.

संध्याकाळी त्या शुद्धीवर आल्या, तसे सर भडकले. "मी गावभर बोंबलत फिरतोय, आन् तू घरातच हे केलंस?"

"तुमी गावाला सांगत व्हता," काकू हळूच म्हणाल्या. "मला कुठं सांगितलंत?"

सर बाहेर बाकावर येऊन बसले.

"भाऊ, मूलबाळ न्हाई आमाला," ते मला म्हणाले. "मीच तिला म्हनायचो, माझ्या आधी जाऊ नको, मला एकट्याला जमायचं न्हाई. म्हनून जास्त जगायला बघत व्हती ती."

आत नर्सनं इंजेक्शन भरायला घेतलं. सर उठून तिच्याजवळ गेले.

"बाई, कसं टोचायचं ते मला शिकवा," ते म्हणाले. "रोज मीच टोचीन. नीट शिकवा."