शिंगोटे काकांची दोन मिनिटं

शिंगोटे काकांनी माझ्या बायकोच्या पोळ्या मोजल्या आहेत. किती केल्या ते नाही, एका पोळीला किती सेकंद लागतात ते. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पॅसेजकडे उघडते आणि काकांचं दार बरोबर समोर. एका रविवारी हातातलं स्टॉपवॉच दाखवत त्यांनी मनीषाला सांगितलं, की पोळपाट चार बोटं डावीकडे सरकवलात तर दर पोळीमागे सहा सेकंद वाचतील. मनीषा म्हणाली, वाचलेल्या सेकंदांत मी काय करू तेही सांगा. काकांनी यावर मनापासून विचार केला आणि संध्याकाळी उत्तर घेऊन आले.

"विश्रांती. तिचाही अलाउन्स असतो."

चाकणच्या एका कारखान्यात काकांनी तीस वर्षं हेच केलं. कामगार नट आवळतोय आणि काका शेजारी घड्याळ घेऊन उभे. कामाला किती वेळ लागतो, त्यातला खरा किती, वाया किती आणि दम खायला सूट, म्हणजे अलाउन्स, किती द्यायचा, हे ठरवायचं. अशा माणसाला कोणी जीव लावत नाही. ते आले की लोक मुद्दाम सावकाश काम करायचे, आणि मुद्दाम केलेला सावकाशपणा ओळखण्यात काकांची हयात गेली. निवृत्त होताना घड्याळ कंपनीत जमा करावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं विकत आणलं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "हे काम नाही, ही नुसती हालचाल आहे." पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीची वार्षिक सभा, हिंजवडीच्या चौकात हात हलवणारा हवालदार आणि माझ्या ऑफिसच्या रोजच्या तीन मीटिंगा, या सगळ्यांना ते लागू झालेलं आहे. मीटिंगांच्या बाबतीत मला वाद घालता आला नाही.

असा माणूस राजकारणात गेला तोही घड्याळामुळेच. इंद्रायणीवर येणाऱ्या फेसाबद्दल चाकणला सभा होती. पर्यावरणवाल्यांचा एक छोटा पक्ष आहे, त्याच्या लोकसभेतल्या एकुलत्या एक खासदार बोलायला आल्या होत्या. त्यांना सगळे ताई म्हणतात. पक्षाचं नाव इथे देत नाही, कारण ते घ्यायलाच सात सेकंद लागतात आणि काकांनी ते भाषणातूनही काढायला लावलं आहे. ताईंचं बोलणं संपल्यावर काका मागच्या रांगेत उभे राहिले आणि म्हणाले, अकरा मिनिटं चाळीस सेकंद झाली, त्यातली पाच मिनिटं स्क्रॅप आहेत. कार्यकर्ते अंगावर धावून आले. ताईंनी मात्र त्यांचा नंबर घेतला. दिल्लीत एकट्यादुकट्या खासदाराला चर्चेच्या शेपटाला दोन मिनिटं मिळतात, आणि त्यांचं प्रत्येक भाषण घंटेखाली अर्धवट राहत होतं. तेव्हापासून ताईंची भाषणं पुनावळ्याला येतात, काका त्यांना कात्री लावतात आणि परत पाठवतात.

मग महामारी आली. अधिवेशन पुढे पुढे गेलं आणि भरलं तेव्हा नियम निघाला, की खासदारांनी मास्क लावून आणि जागेवर बसून बोलायचं. सगळा देश लसीची वाट बघत होता, काका मास्कचे सेकंद मोजत होते. मास्कमध्ये दर वाक्याला श्वास जास्त लागतो, म्हणून त्यांनी 'मास्क अलाउन्स' धरला. बसून बोलताना पोट दबतं, त्याचा वेगळा. बाकं वाजवण्यासाठी त्यांनी शून्य सेकंद धरले. आपला एकच माणूस आणि तोच बोलत असणार, हे त्यांचं म्हणणं बिनतोड होतं.

कोणी कोणाच्या घरात जायचं नाही असे ते दिवस, त्यामुळे तालीम पॅसेजमध्ये. मधे खुर्चीवर माझा लॅपटॉप, त्यात दिल्लीहून ताई, आणि दोन दारांत आम्ही. मी लोकसभेचा अध्यक्ष होतो, घंटा म्हणून वाटी-चमचा. सत्ताधारी आणि विरोधक दोन्ही मनीषा, कारण गोंधळ दोघांचा सारखाच असतो असं काकांचं मत. मनीषाने त्या आठवड्यात जो आरडाओरडा केला, त्यातला बराचसा माझ्याकडे बघून होता.

या सगळ्या महिन्यांत काकांचं दार वाजवणारं माणूस एकच होतं, गयाबाई. त्या मजल्यामजल्यावरून कचरा गोळा करायच्या. लातूरकडच्या. काकू जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी नाशिकला, तिचा फोन रविवारी. पण गयाबाई रोज सकाळी सात दहाला यायच्या आणि रोज भांडण व्हायचं. बादली डाव्या हातात धरा, म्हणजे वळण वाचेल, असं काकांनी सांगायचं.

"काय मोजायलाव ओ काका," गयाबाई म्हणायच्या, "कचरा काय पळून जायलाय का?"

भांडण झालं की काका खूश होऊन चहा टाकायचे, एकट्यापुरता. गयाबाई घराघरांतले वापरलेले मास्क नुसत्या हातांनी उचलायच्या, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी सोसायटीला दोनदा पत्र दिलं. हातमोजे हा ठेकेदाराचा विषय आहे, असं उत्तर मिळालं.

एका सकाळी दुसरीच बाई आली. गयाबाईंना ताप आलाय, कुठल्याशा सेंटरला नेलंय, एवढंच तिला ठाऊक होतं. काकांनी ठेकेदाराला फोन लावला. त्याच्या यादीत 'गया' एवढंच लिहिलेलं होतं. तीन दिवस काका एकेका सेंटरला फोन करत होते, आणि लोक आडनाव विचारून फोन ठेवून देत होते. तो तडफदार माणूस इतका गप्प झाला, की मनीषाने मुद्दाम खिडकीत उभं राहून पोळपाट उजवीकडे सरकवला. त्यांनी पाहिलंही नाही.

चौथ्या दिवशी काकांनी भाषणात नवीन वाक्य घातलं. घरोघरचे मास्क उघड्या हातांनी उचलणाऱ्या बायकांना हातमोजे कोण देणार, आणि त्या आजारी पडल्या तर त्यांना शोधणार कोण? नऊ सेकंद.

ताईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, वाक्य चांगलं आहे, पण दोन मिनिटांत बसत नाही. नदी आहे, धूर आहे, टेकड्या आहेत.

"नदी काढा," काका म्हणाले.

नदी? ताईंनी पुन्हा विचारलं. या नदीच्या सभेतूनच हा माणूस रिटायर झाल्यावर राजकारणात पडला होता.

"नदी पुढच्या अधिवेशनातही असेल ताई. माणसाचं सांगता येत नाही."

ताईंनी नदी अर्धी केली आणि ते वाक्य शेवटी बसवलं.

भाषणाच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून पॅसेजमध्ये लॅपटॉपवर लोकसभा बघत बसले. मोठे पक्ष बोलले, त्यांच्याहून थोडे लहान बोलले, सगळ्यांनी जास्तीचा वेळ खाल्ला. ताईंचं नाव पुकारलं आणि अध्यक्षांच्या आसनावरून सूचना आली, की वेळ संपत आला आहे, अर्ध्या मिनिटात आटपा. काकांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. अर्ध्या मिनिटात नदीसुद्धा गाठता येत नव्हती आणि आमचं वाक्य तर सगळ्यात शेवटी होतं.

ताईंनी कागदाकडे एकदा पाहिलं आणि तो पालथा ठेवला. मग मास्कआडून, अगदी सावकाश, तेवढं एकच वाक्य बोलल्या. तेच पुन्हा एकदा बोलू लागल्या, तेवढ्यात माइक बंद झाला.

"कामकाजात नोंद झाली ना?" काकांनी मला विचारलं. झाली म्हटल्यावर उठून आत गेले.

काही आठवड्यांनी सरकारचं उत्तर आलं, माहिती गोळा केली जात आहे. हे काम नाही, ही हालचाल आहे, असं मनीषा म्हणाली, पण काकांना हसू आलं नाही. ताईंची क्लिप मात्र कोणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली होती आणि लाजेकाजेस्तव हातमोज्यांचा खोका आला. तो पहिल्यांदा वापरला गेला तेव्हा मी दारातच पेपर उचलत होतो. सकाळी काकांची बेल वाजली आणि बाहेर गयाबाई उभ्या होत्या. अर्ध्या झाल्या होत्या. हातात निळे मोजे.

काकांनी खुर्ची पॅसेजमध्ये ओढली, गयाबाईंना बसवलं आणि मोबाइलवर ताईंचं भाषण लावून दिलं. गयाबाईंनी ते नीट ऐकलं.

"एवढ्या मोठ्या जागी आमचं कशाला काढायलाव?"

"तुम्ही कुठे आहात ते कळत नव्हतं. दुसरं काही करता येईना मला," काका म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्याशी रोज बोलणारं दुसरं कोणी नाही हो. तुम्ही आला नाहीत तर सकाळ झाल्यासारखीच वाटत नाही."

गयाबाईंनी मोजे काढून मांडीवर ठेवले.

"मग असं बोलायचं की तोंडानं. रोज घड्याळ काय दावायलाव," त्या म्हणाल्या. "चहा करा. बसते जरा, जिना चढून दम लागलाय."

काका लगबगीने आत गेले. भांड्यांचा बराच आवाज झाला. मग ते पुन्हा दारात आले आणि पाहुण्यांना विचारतात तसं विचारलं, "साखर किती घालू?"