किरकोळ फौजदारी

प्रफुल्ल भालेराव यांना होणाऱ्या जावयाचे नाव कोर्टाच्या वेबसाइटवर सापडले, तेव्हा घरात साखरपुड्याला गुलाबजाम ठेवायचे की जिलेबी, याचा निर्णय होत आला होता. भालेरावांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. दोन्ही अंतरांवरून नाव तेच होते. संघर्ष सावळीराम दोंदे विरुद्ध ग्रामसेवक. प्रकार, किरकोळ फौजदारी अर्ज. स्थिती, निकाली.

"मंजुषा, गुलाबजाम थांबव," ते म्हणाले.

भालेराव नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते. बाहेरून येणारा माल तपासणे हे त्यांचे काम होते. आलेला माल चांगला असेल, असे त्यांनी नोकरीभर एकदाही गृहीत धरले नाही. निवृत्तीनंतर ही सवय भाजीवाले, डॉक्टर आणि हवामानाचा अंदाज यांच्यावर चालू राहिली. मुलीने, तेजलने, स्वतःच पसंत केलेला हा मुलगा ओझरला नोकरीला होता. घर हरसूलजवळच्या गावात, वडील साधे, आजी बोलकी. कुठेच खोट नव्हती आणि भालेरावांना पहिल्या दिवसापासून तेच खटकत होते.

त्यांच्या पत्नी मंजुषाताईंचे म्हणणे पडले की त्यात स्पष्ट 'किरकोळ' लिहिले आहे. भालेरावांचे म्हणणे पडले की त्याच्यापुढे तितकेच स्पष्ट 'फौजदारी' लिहिले आहे.

"फौजदारी किरकोळ कशी असेल? किरकोळ म्हणजे काय, एकच थप्पड?"

तेजल कामावरून घरी आली ती नेमकी या प्रश्नावर. तिने फोन पाहिला. संघर्षचे नाव अर्जदार म्हणून आहे, म्हणजे मार खाल्ला असेल तर त्यानेच, असे तिने दाखवून दिले आणि त्याला फोन लावायला घेतला. भालेरावांनी तिचा हात धरला.

"विचारायचं नाही. विचारलं की माणूस सावध होतो. तपासणी कधी कळवून करतात का?"

"पप्पा, तो माझ्याशी लग्न करणार आहे. तुमच्या कंपनीला नट-बोल्ट पुरवणार नाहीये."

बरीच ओढाताण झाल्यावर तडजोड ठरली. कागद हातात येईपर्यंत तेजल संघर्षला काही बोलणार नाही. आणि कागदात काही निघाले नाही, तर पप्पांनी स्वतः जाऊन त्याला सगळे सांगायचे. भालेरावांनी अट चटकन मान्य केली, कारण काही निघणार नाही ही शक्यता त्यांनी धरलीच नव्हती. तो अर्जदार आहे यानेही त्यांचे समाधान झाले नाही. प्रकरणाच्या सालावरून दिसत होते तसा, मिसरूड फुटल्याबरोबर जो ग्रामसेवकाला फौजदारी कोर्टात खेचतो, तो उद्या सासऱ्याला सोडेल कशावरून?

वेबसाइटवर निकालाचा कागद चढवलेला नव्हता. तेव्हा भालेराव दुसऱ्या दिवशी बस धरून तालुक्याच्या कोर्टात गेले. तिथे नक्कल विभाग म्हणजे जिन्याखालची एक खिडकी होती. भालेरावांनी प्रकरणाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी आत सरकवली. कारकुनाने ती वाचली आणि जराही न चमकता विचारले, "ते ग्रामसेवकवालं का? गठ्ठ्यानं आहेत तसली."

भालेराव खिडकीपासून एक पाऊल मागे सरले. म्हणजे या भागात ग्रामसेवकांवर हात टाकणे ही नित्याची गोष्ट होती. त्यांनी पुढे काही विचारले नाही. तपासणारा माणूस विचारत नाही, ऐकतो, असे त्यांचे मत होते. त्यांनी त्या क्षणी एक साधा प्रश्न विचारला असता, तर त्यांना दुपारच्या जेवणाला घरी पोचता आले असते.

कारकुनाने सांगितले की तुम्ही पक्षकार नाही, म्हणजे त्रयस्थ. त्रयस्थाला नक्कल हवी तर अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागते आणि नक्कल कशासाठी हवी ते त्यात शपथेवर लिहावे लागते. आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक वकीलबाई बसल्या होत्या. त्यांनी कारण विचारले. भालेरावांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"जमिनीचा वाद लिहू? सगळे तेच लिहितात."

शपथेवर खोटे लिहायला भालेराव तयार नव्हते. मुलीचे लग्न, असे खरे लिहावे तर ते साऱ्या तालुक्याने वाचले असते. शेवटी वकीलबाईंनी छताकडे पाहत टाइप करवले: 'अर्जदाराचा सदर प्रकरणातील व्यक्तीशी निकटचा संबंध येण्याची शक्यता आहे.' भालेरावांनी 'येण्याची'च्या जागी 'जुळण्याची' सुचवले, मग ते फारच उघड होते म्हणून पुन्हा 'येण्याची' केले. खाली फोटो चिकटवला, सही केली.

अर्ज देताना त्यांच्या मागे रांगेत सहादू नावाचा एक शेतकरी उभा होता. तो दोंद्यांच्या गावचा. कारकुनाने दोंद्यांचे नाव मोठ्याने वाचून खात्री करून घेतली, तेव्हा सहादूने मान पुढे काढली.

"दोंद्यांचं काय काढलं, साहेब?"

"काही नाही, किरकोळ," भालेराव म्हणाले आणि पिशवी काखेत दाबून चालू लागले. सहादूने त्यांचा इस्त्रीचा शर्ट पाहिला, खिशाला लावलेली दोन पेने पाहिली आणि बाहेर येऊन आधी फोन काढला.

दोन दिवसांनी सकाळी भालेरावांचा फोन वाजला. पलीकडे सावळीराम दोंदे, म्हणजे संघर्षचे वडील, होते.

"जय भीम, पाव्हणं. जरा नाजूक काम हाय. बाया-माणसांत नका बोलू."

भालेराव गॅलरीत गेले. सावळीरामांनी दबक्या आवाजात सांगितले की ते यंदा ग्रामपंचायतीला उभे राहत आहेत, पण उमेदवारीचा अर्ज भरायच्या आतच समोरच्या पार्टीने त्यांच्यावर माणूस सोडला आहे. नाशिकचा कोणी साहेब कोर्टात येऊन संघर्षचे जुने कागद उकरतोय. नाव सांगत नाही, विचारले तर किरकोळ म्हणतो. सहादूने डोळ्यांनी पाहिला, लय बेरकी दिसतो म्हणे.

"कागदात काय आहे पण?" भालेरावांनी शक्य तितक्या सहज विचारले.

"फोनवर नको, पाव्हणं. फोनबी ऐकत असतील ते."

सावळीरामांचे म्हणणे पुढे असे होते, की तो माणूस गुरुवारी नक्कल न्यायला येणार, एवढे सहादूने काढले आहे. ते आणि संघर्ष त्या दिवशी खिडकीपाशी बसून त्याला धरणार होते. पण त्यांना माणसांची पारख नव्हती. पाव्हण्यांचा सारा जन्म खोटा माल ओळखण्यात गेला, हे तेजलने कौतुकाने सांगितले होते. तेव्हा पाव्हण्यांनी यावे आणि तोंड बघून तो माणूस तेवढा ओळखून द्यावा.

भालेराव हो म्हणाले. नाही म्हणायला त्यांना एकही कारण सुचले नाही.

तेजलने ऐकले तेव्हा ती मटकन सोफ्यावर बसली. नंतर तिने सांगितले, की त्यांच्याआधी जाऊन सगळे कबूल करा, तुमचा फोटो आहे त्या अर्जावर. पण भालेरावांचा संशय आता पक्का झाला होता. साधा एक कागद कोणी मागितला तर बापलेक दोघे खिडकीवर पहारा ठेवतात, त्या अर्थी त्या कागदात नक्कीच काहीतरी होते. निर्दोष माणूस इतका घाबरत नाही.

"आणि काही नसलं तर?" तेजल म्हणाली. "पप्पा, मला तिथंच राहायचंय. त्यांच्यात."

यावर भालेरावांनी गुरुवारची बस किती वाजता आहे ते पाहिले.

गुरुवारी खिडकीसमोरच्या बाकावर तिघे बसले. एका बाजूला सावळीराम, दुसऱ्या बाजूला संघर्ष, मध्ये भालेराव. लवकर पोचून नक्कल आधीच उचलायचा त्यांचा बेत फसला होता, कारण बापलेक पहिल्या गाडीनेच आले होते. एवढ्या लांब आमच्यासाठी आलात, असे म्हणत संघर्षने त्यांना दोनदा चहा आणून दिला. उन्हाची तिरीप त्यांच्या तोंडावर येऊ लागली, तशी स्वतःची जागाही बदलून दिली. भालेरावांनी दुसरा कप न पिताच बाकाखाली ठेवला.

खिडकीवर एक फाइलवाला आला. सावळीरामांनी कोपर मारले. "हा?"

"नाही," भालेराव म्हणाले.

मग एक गॉगल लावलेला तरुण आला, मग एक जाडा माणूस, ज्याने खिडकीत बोलताना दोनदा मागे वळून पाहिले. सावळीराम अर्धे उठलेही होते.

"बसा. तोही नाही."

"इतकं खात्रीनं कसं सांगता, पाव्हणं?"

"चेहऱ्यावरून कळतं."

सावळीरामांनी भालेरावांकडे आदराने पाहिले.

तेवढ्यात कारकुनाने खिडकीतून आवाज दिला. "भालेराव प्रफुल्ल. दोंद्यांची नक्कल तयार आहे."

बाकावर कोणी हलले नाही. संघर्षने आवारभर नजर फिरवली आणि भालेरावांच्या कानाशी वाकून म्हणाला, "काका, बघा किती चालू आहे. तुमचंच नाव लावलंय त्यानं."

कारकुनाने अर्जावरचा फोटो पाहिला, मग बाकाकडे पाहिले. "अहो, तुम्हीच ना? या, सही करा. मला जेवायला जायचंय."

भालेराव उठले. बाक ते खिडकी हे अंतर त्यांनी ज्या संथपणे कापले, त्या संथपणे त्यांनी आयुष्यात काहीच केले नव्हते. सही करून कागद घेतला आणि सवयीने तिथेच उभ्याने वाचला. अर्जदार संघर्ष याचा जन्म गावी, राहत्या घरी झाला. जन्माची नोंद करायची राहून गेली. आजी धोंडाबाई हिने बाळंतपण केल्याची साक्ष दिली. सबब ग्रामसेवकाने जन्माची नोंद घ्यावी. त्या वेळी असले अर्ज मॅजिस्ट्रेटपुढे चालत, म्हणून त्यांना फौजदारी क्रमांक पडायचा, असे कारकुनाने खिडकी लावता लावता सांगितले. अर्ध्या तालुक्याचा तोच गुन्हा होता. सरकारला न कळवता जन्माला येण्याचा.

भालेराव वळले. बापलेक आता उभे होते.

"तो माणूस मीच," ते म्हणाले. "तेजलसाठी बघत होतो. फौजदारी लिहिलेलं दिसलं, आणि..."

मग संघर्षनेच विचारले, "काका, मला का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस का?"

"हो."

नोकरीभर भालेराव पुरवठादारांची बनवाबनवी पकडत आले होते. या एका शब्दात कुठेच खोट नव्हती. त्यांनी कागदाची घडी केली, ती उलगडली, पुन्हा केली. चूक झाली, असे ते म्हणाले, आणि राग असला तर तो माझ्यावर काढा, पोरीवर नको, असेही म्हणाले. संघर्षने खाली पाहिले, आणि थोड्या वेळाने त्यांच्या हातातून कागद घेतला.

"हे मी तेजलला दाखवतो. तिनं आजीची साक्ष वाचलेली नाही," तो म्हणाला. त्याच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला.

सावळीराम मात्र अजून गंभीरच होते. त्यांनी भालेरावांचा दंड धरला आणि त्यांना शेडच्या मागे नेले. आता लग्न मोडले, हे भालेराव समजून चुकले.

"म्हंजी समोरच्या पार्टीचा कोणी नाय?"

"नाही."

"कोणीच नाय? हे समदं तुम्ही एकट्यानं काढलं? नुसता फोन बघून?"

"हो. वेबसाइट असते. कोणालाही दिसतं."

"कोणाचंबी?"

"कोणाचंही."

सावळीरामांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. साखरपुडा रविवारीच होईल, त्याची काळजी करू नका, आमची म्हातारी तर तिची साक्ष कोर्टातून काढून आणलीत म्हणून तुमच्यावर खूश होईल, असे त्यांनी आधी सांगून टाकले. मग ते आणखी जवळ आले. समोरचा उमेदवार तोंडावर फार गोड बोलतो, म्हणाले. इतका गोड माणूस सरळ असेल असे वाटत नाही.

हा धंदा आपण आजच, बाकावरून उठतानाच, सोडला आहे, असे भालेराव सांगणार होते. संघर्ष पलीकडून त्यांच्याकडेच पाहत होता. भालेरावांनी त्याच्याकडे पाठ केली, खिशाचे पेन काढले आणि आवाज खाली आणला.

"पूर्ण नाव सांगा," ते म्हणाले. "वडिलांच्या नावासकट."